६४ डोकी, ६६ मतं

(दृश्य : टेक्सास राज्य महामार्ग ३०२. सरळसोट रस्ता, दोन्ही अंगांना खुरटी झुडपं, ट्रकमागून ट्रक.)

या रस्त्याच्या कडेला पाच मिनिटं उभं राहिलं तर वाटेल, जवळच एखादं मोठं शहर असणार. वाळूचे ट्रक जातात, खाऱ्या पाण्याचे टँकर जातात, लोखंडी पाइप लादलेले लांबच लांब ट्रेलर जातात. पण शहर कुठेच नाही. ही वर्दळ ज्या काउंटीतून चालली आहे, तिची लोकसंख्या २०२० च्या जनगणनेत भरली ६४. पुढे शून्य राहून गेलेली नाहीत. लहान मुलं धरून ६४.

ही लव्हिंग काउंटी. अमेरिकेतलं टेक्सास राज्य, त्याचा पश्चिम भाग. काउंटी म्हणजे साधारण आपल्याकडच्या जिल्ह्यासारखा कारभाराचा घटक. शेरीफ आहे, न्यायालयाची इमारत आहे, करवसुली आहे, निवडणुका आहेत. क्षेत्रफळ साडेसतराशे चौरस किलोमीटर, म्हणजे बृहन्मुंबईच्या जवळजवळ तिप्पट. एवढ्या जागेत ६४ माणसं. त्या जनगणनेत अमेरिकेतल्या तीन हजारांवर काउंट्यांत हिच्याहून कमी वस्तीची एकही निघाली नाही.

आता, ओसाड प्रदेशात माणसं कमी असायचीच, त्यात नवल ते काय? नवल वेगळंच आहे. या काउंटीचा इतिहास चाळायला घेतला की लढाया आणि राजेरजवाडे हाती लागत नाहीत, शिरगणती लागते. इथे नेमकं राहतं कोण, हा एकच प्रश्न सव्वाशे वर्षं पुन्हा पुन्हा उपटतो आहे. आणि त्याचं उत्तर सरळपणे मिळालंय असं फारसं घडलेलं नाही.

(दृश्य : नकाशा. वर सरळ रेघ, खाली-डावीकडे वाकडीतिकडी निळी रेघ.)

आधी जागा बघू. उत्तरेची हद्द फूटपट्टीने मारल्यासारखी सरळ आहे, ती ३२ अंशांची अक्षांशरेषा. तिच्या पलीकडे न्यू मेक्सिको राज्य. पूर्वेला विंकलर काउंटी, दक्षिणेला वॉर्ड. नैर्ऋत्येची हद्द मात्र माणसाने आखलेली नाही, ती पेकस नदीने आखली आहे. नदीपलीकडे रीव्ह्ज काउंटी आणि तिचं मुख्य गाव, नदीच्याच नावाचं पेकस.

वर्षाचा पाऊस अडीचशे मिलिमीटरच्या आगेमागे. जमीन सपाट, थोडी लाटांसारखी, मुरमाड. मेस्किट नावाचं काटेरी झाड, आपल्या वेड्या बाभळीचं सख्खं भावंडच म्हणा ना. त्याच्या जोडीला क्रिओसोटची झुडपं. एरवी धुळकट दिसणारं हे क्रिओसोट पावसाचे चार थेंब पडले की असा काही वास सोडतं, की तिकडच्या लोकांच्या लेखी तोच पावसाचा वास.

(दृश्य : पेकसचा काठ, जवळून. ओल्या चिखलावर पांढरा पापुद्रा.)

आणि ही पेकस. हा काठावरचा पांढरा थर पाहा. बोटाने खरवडला तर कुरकुरेल. मीठ आहे ते.

नदी उगम पावते उत्तर न्यू मेक्सिकोच्या डोंगरांत, अगदी गोडी. सुमारे १,४९० किलोमीटर वाहत जाऊन रिओ ग्रँडला मिळते. पण इथवर येईतो ती खारट झालेली असते. कारण शोधायचं तर पंचवीस-सव्वीस कोटी वर्षं मागे जावं लागतं. भूशास्त्रज्ञ ज्याला पर्मियन काळ म्हणतात, त्या काळात इथे समुद्र होता. त्याचं तोंड बंद होत गेलं, पाणी आटत गेलं आणि तळाशी जिप्सम आणि मिठाचे प्रचंड थर साचले. तो समुद्र अजून गेलेला नाही असं म्हटलं तरी चालेल. फक्त वाळून जमिनीखाली बसला आहे. न्यू मेक्सिकोतल्या खाऱ्या झऱ्यांवाटे तो नदीत उतरतो. शेजारच्या विंकलर काउंटीत, विंक गावाजवळ, १९८० च्या जूनमध्ये जमीन अचानक खचली आणि भलामोठा खड्डा पडला. खालचं मीठ विरघळून पोकळी झाली होती. २००२ साली जवळच दुसरा, आणखी मोठा खड्डा पडला. (हे विंक म्हणजे गायक रॉय ऑर्बिसन जिथे लहानाचा मोठा झाला ते गाव. असो.)

त्याच समुद्राच्या गाळाने आणखी एक गोष्ट साठवून ठेवली होती, तेल. तिकडे येऊच.

(दृश्य : रेड ब्लफ जलाशय. उथळ, चकाकतं पाणी.)

१५८३ साली आंतोनियो दे एस्पेहो हा स्पॅनिश प्रवासी पेकसच्या काठाने खाली उतरला. काठावर गवे दिसले, म्हणून त्याने नदीला नाव दिलं गायींची नदी. पुढे हा मुलूख मेस्कलेरो अपाची आणि कोमांची या मूळ रहिवासी लोकांच्या वावरातला. गव्यांमागे, पाण्यामागे फिरणारी माणसं. त्यांची शिरगणती कुणी केली नाही. त्यामुळे पुढे सरकारी कागदांत हा प्रदेश ‘निर्जन’ म्हणून येतो, तेव्हा तो शब्द चिमूटभर मीठ घालूनच वाचायचा.

१८५४ साली कॅप्टन जॉन पोप हा लष्करी अधिकारी बत्तिसाव्या अक्षांशाच्या बाजूने रेल्वेमार्गाची पाहणी करत आला. पुढच्याच वर्षी तो परतला, या वेळी विहिरी खणायला. जमिनीत पुरेसं खोल गेलं की पाणी आपल्या जोराने वर उसळेल, असा त्याचा होरा. वाफेचं यंत्र, लोखंडी नळ्या, माणसं, सगळं त्या माळावर ओढत आणलं. तीन वर्षं खणलं. खाली पाणी लागलं, पण उसळून वर काही येईना. शेवटी गाशा गुंडाळला. आता गंमत अशी की १९३६ साली पेकसवर रेड ब्लफ धरण झालं, आणि पोपची छावणी, त्याच्या नावाचा नदीउतार, सगळंच त्या पाण्याखाली गेलं. पाणी आलं एकदाचं. पिण्याजोगं मात्र नाही.

या पाण्यावरून टेक्सास आणि न्यू मेक्सिको यांचं भांडणही जुनं. १९४८ मध्ये वाटपाचा करार झाला, १९७४ मध्ये प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. खाऱ्या पाण्यावरूनही माणसं इतकी वर्षं भांडू शकतात.

(दृश्य : गुरांचा कळप, धूळ. संथ.)

लव्हिंग हे नाव कुणाचं? ऑलिव्हर लव्हिंग. जन्म १८१२, केंटकीतला. धंदा गुरांचा. यादवी युद्ध संपलं तेव्हा टेक्सासात गुरं उदंड होती आणि घ्यायला कुणी नव्हतं. तिकडे न्यू मेक्सिकोत, फोर्ट समनरजवळ, अमेरिकी सैन्याने हजारो नाव्हाहो लोकांना त्यांच्या मुलखातून हुसकून आणून डांबलं होतं. त्यांना खायला घालायला सरकारला मांस हवं होतं. १८६६ मध्ये लव्हिंग आणि त्याचा तरुण भागीदार चार्ल्स गुडनाइट दोन हजार गुरं घेऊन निघाले. पेकस गाठेपर्यंत कित्येक मैल पाण्याचा टिपूस नाही. नदीचा वास लागताच तहानलेली गुरं जी उधळली ती थेट पाण्यात, एकमेकांच्या अंगावर. उरलेला कळप नदीच्या काठाकाठाने उत्तरेकडे हाकत नेला, आजच्या लव्हिंग काउंटीतून. हाच पुढे गुडनाइट-लव्हिंग मार्ग म्हणून नावाजला.

दुसऱ्या वर्षी, १८६७ मध्ये, लव्हिंग सौद्यासाठी कळपाच्या पुढे निघाला. सोबत एकच माणूस. न्यू मेक्सिकोत पेकसकाठी कोमांचींनी त्यांना गाठलं. लव्हिंगच्या मनगटात आणि कुशीत गोळ्या लागल्या. साथीदार मदत आणायला गेला, लव्हिंग कसाबसा फोर्ट समनरला पोचला. पण हातात विष भिनलं आणि २५ सप्टेंबर १८६७ ला तो गेला. मला परक्या मातीत ठेवू नका, ही त्याची शेवटची इच्छा.

ती पुरी कशी झाली हे सांगण्यासारखं आहे. आधी तिथेच तात्पुरतं पुरलं. मग गुराख्यांनी किल्ल्याभोवती पडलेले तेलाचे रिकामे डबे गोळा केले, ठोकून ठोकून सपाट केले आणि डाख देऊन एक मोठी पत्र्याची पेटी बनवली. लाकडी शवपेटी तिच्यात ठेवली, मधल्या फटीत कोळशाची पूड ठासून भरली, वरून पत्रा बंद केला, आणि ती पेटी गाडीवर घालून शेकडो मैल पूर्वेला नेली. मार्च १८६८ मध्ये वेदरफर्ड या त्याच्या गावी दफन झालं. म्हणजे ज्याच्या नावाने ही काउंटी ओळखली जाते तो इथे जन्मला नाही, राहिला नाही, मेला नाही, पुरलाही गेला नाही. या वाटेने गेला, इतकंच. पुढे या काउंटीत जे घडत राहिलं, ते पाहता नाव अगदी चपखल बसलं म्हणायचं.

(दृश्य : जुना कागद, सह्यांची लांबलचक यादी. शाई फिकट.)

१८८७ साली टेक्सासच्या विधिमंडळाने टॉम ग्रीन काउंटीतून तुकडा कापून लव्हिंग काउंटी नकाशावर आखली. तेव्हा या राज्यात काउंटी दोन टप्प्यांत जन्मायची. आधी नकाशावर रेघा. मग पुरेसे रहिवासी झाले की त्यांनी अर्ज करायचा, निवडणूक घ्यायची, अधिकारी निवडायचे. तोवर शेजारची काउंटी सांभाळणार.

१८९० ची जनगणना आली. लव्हिंग काउंटी : ३ माणसं.

आणि १८९३ मध्ये याच काउंटीतून अर्ज आला, त्यावर १५० मतदारांच्या सह्या!

तीन वर्षांत तिघांचे दीडशे कसे झाले? डेन्वरच्या काही मंडळींनी एक कंपनी काढली होती, लव्हिंग कॅनाल अँड इरिगेशन कंपनी. पेकसचं पाणी कालव्याने माळावर फिरवायचं, जमीन भिजवायची, विकायची. त्यासाठी काउंटी आपल्या हातची असली तर बरं, कारण काउंटीच्या नावावर कर्ज उभं करता येतं. मग सह्या जमल्या, निवडणूक झाली, अधिकारीही ठरले. मुख्य ठिकाणाला नाव दिलं मेंटोन. फ्रान्सच्या समुद्रकिनाऱ्यावरच्या मांतों या गुलाबी गावावरून ते घेतलं, असं सांगतात. या रखरखाटाला ते नाव देणाऱ्याच्या विनोदबुद्धीला दाद दिली पाहिजे.

मग पेकसला पूर आला आणि कालव्याचं काम धुऊन गेलं. सूत्रधार पसार झाले. चौकशीला माणसं आली तेव्हा कागदावरचे मतदार जागेवर सापडेनात. १८९७ मध्ये विधिमंडळाने काउंटीचं संघटनच रद्द केलं आणि तिला पुन्हा रीव्ह्जला जोडून टाकलं.

(दृश्य : मेंटोनमधलं छोटं लाकडी चर्च.)

खरी माणसं आली ती त्यानंतर. राज्याने जमिनी वसाहतीसाठी खुल्या केल्या तशी कुटुंबं आली, नदीकाठी पोर्टरव्हिल नावाचं गाव उभं राहिलं. १९०० मध्ये ३३ माणसं होती, १९१० मध्ये २४९ झाली. मग दुष्काळ पडला, १९२० मध्ये उरली ८२. हे चर्च १९१० मध्ये पोर्टरव्हिलला बांधलेलं, शाळा आणि प्रार्थना एकाच छपराखाली. १९३० मध्ये पेकसच्या पुराने गाव उठलं, तेव्हा हे चर्च तिथून मेंटोनला हलवलं. काउंटीतली सर्वांत जुनी इमारत हीच. गाव गेलं, वास्तू आली. लाकडाच्या बांधकामाची ही सोय.

१९२१ मध्ये तेल लागलं होतं. त्यापाठोपाठ तंबू, खानावळी, कामगार. १९३१ मध्ये काउंटी नव्याने संघटित झाली, या वेळी खऱ्याखुऱ्या मतदारांनी. टेक्सासात दोनदा संघटित व्हावी लागलेली ही एकमेव काउंटी. नव्या मुख्य गावालाही जुनंच नाव ठेवलं, मेंटोन. १९३५ मध्ये विटांची चौकोनी न्यायालयाची इमारत झाली, ती आजही कामात आहे. १९४० ला लोकसंख्या २८५, आजवरच्या जनगणनांतला हा सर्वांत मोठा आकडा.

(दृश्य : न्यायालयाची इमारत, समोरून.)

याच इमारतीत १९४५ मध्ये एडना क्लेटन शेरीफ झाल्या. आधी रिकाम्या जागेवर नेमणूक झाली, नंतर निवडूनही आल्या. टेक्सासात निवडून आलेल्या पहिल्या महिला शेरीफ त्या. कमरेला पिस्तूल कधी लावलं नाही. अख्ख्या कारकिर्दीत अटका केल्या दोन. पुढे अनेक वर्षं त्यांनी इथेच काउंटीची दप्तरं सांभाळली. सिनेमातला टेक्सासचा शेरीफ आठवून पाहा, आणि मग दोन अटका करून पुन्हा कागदपत्रांत डोकं घालणाऱ्या या बाई. मला विचाराल तर या काउंटीचा पुतळा उभारायचा झाला तर यांचाच.

इमारतीजवळ राज्याने लावलेला इतिहासफलक आहे. तो मेंटोनची ओळख करून देतो ती काय काय नाही हे सांगत : बँक नाही, डॉक्टर नाही, दवाखाना नाही, वर्तमानपत्र नाही, वकील नाही, दफनभूमी नाही. पाणीसुद्धा नव्हतं. १९८० च्या दशकाच्या अखेरपर्यंत नळयोजना नव्हती. प्यायचं पाणी पेकस गावाहून गाडीने यायचं. शाळा होती, पण १९७० च्या दशकात दोन विद्यार्थी उरले आणि तीही विंकच्या शाळेत विलीन झाली. तेव्हापासून मुलं बसने काउंटीबाहेर जातात. २००० च्या जनगणनेत ६७ माणसं.

(दृश्य : रात्र. क्षितिजावर जळत्या वायूच्या ज्वाळा.)

आणि मग हे. जुन्या समुद्राच्या गाळाचा हा खोलगट भाग, भूशास्त्रज्ञ त्याला डेलावेअर खोरं म्हणतात. आडव्या विहिरी आणि खडक पाण्याच्या दाबाने फोडण्याचं तंत्र आलं, आणि गेल्या पंधराएक वर्षांत लव्हिंग काउंटी टेक्सासच्या सर्वाधिक तेल देणाऱ्या पहिल्या दहा काउंट्यांत जाऊन बसली. कामगार हजारोंनी आले. ते राहतात ट्रेलरमध्ये, कंपन्यांच्या वसाहतींत, दोन आठवडे काम आणि मग घर, कुठे लुइझियाना तर कुठे ओक्लाहोमा. जनगणनेत ते त्यांच्या घरी मोजले जातात. काउंटीच्या तिजोरीत कर जमतो तेलाचा, मतदारयादीत नावं मूठभर जुन्या कुटुंबांची.

इतकी श्रीमंत आणि इतकी रिकामी जागा कुणाच्या डोळ्यांत भरणार नाही? २००५-०६ च्या सुमारास मुक्ततावादी विचाराच्या, म्हणजे सरकारचा हात कमीत कमी असावा असं मानणाऱ्या, काही जणांनी हिशोब मांडला : शंभरएक माणसं इथे येऊन राहिली की निवडणूक जिंकता येईल, मग काउंटी आपली. जमीन घेतल्याचे दावे झाले, मतदार म्हणून नोंदणी झाली. शेरीफने खोलात जाऊन पाहिलं तेव्हा जमिनीचे दावे टिकले नाहीत, आणि पाहुणे आले तसे गेले. डेन्वरच्या कंपनीनंतर शंभरएक वर्षांनी तीच युक्ती.

इथल्या लोकांनी त्यावर भुवया उंचावल्या खऱ्या, पण रहिवासी कोण हा प्रश्न त्यांच्या आपसातही आहेच. टेक्सासच्या कायद्यात तुमचं घर म्हणजे जिथे परत यायचा तुमचा इरादा आहे ती जागा. गुरांचं रान इथे, बायकोची नोकरी आणि मुलांची शाळा दुसऱ्या गावी. मग मत कुठे द्यायचं? ज्याच्या आज्याची जमीन इथे, तो म्हणतो इथेच. त्याच्याविरुद्ध उभा राहिलेला म्हणतो, हा तर इथे राहतच नाही. आणि जिथे निकाल पाच-सहा मतांनी फिरतो, तिथे एकेका इराद्याची किंमत फार असते.

(दृश्य : विहिरीवर मान वरखाली करणारा पंप. मागे पाण्याच्या टाक्यांची रांग.)

एक गोष्ट मात्र कॅप्टन पोपला आवर्जून दाखवावी अशी. इथे आज जमिनीतून भरपूर पाणी वर येतं. एका पिंपभर तेलामागे तीन-चार पिंपं. पण तेही त्या जुन्या समुद्राचं, समुद्राहून खारट. त्याचं करायचं काय? पुन्हा जमिनीत खोल दाबून टाकायचं. वर्षानुवर्षं असं दाबत राहिल्यावर खालचे जुने भेग पडलेले खडक सरकायला लागले. जिथे भूकंप म्हणजे काय हे कुणाला ठाऊक नव्हतं, तिथे खिडक्या थडथडू लागल्या. अभ्यासकांनी त्याचा संबंध या दाबलेल्या पाण्याशी जोडला आहे. १६ नोव्हेंबर २०२२ चा धक्का ५.४ तीव्रतेचा होता. त्याआधीचा मोठा धक्का मेंटोनच्या पश्चिमेला, ५.० तीव्रतेचा, २६ मार्च २०२० चा.

त्यानंतर सहा दिवसांनी, १ एप्रिल २०२० हा जनगणनेचा दिवस होता. त्या दिवशी लव्हिंग काउंटीत राहणारी माणसं, तान्ह्या पोरापासून म्हाताऱ्यापर्यंत, भरली ६४.

त्याच वर्षी नोव्हेंबरात राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली. लव्हिंग काउंटीत पडलेली मतं : ६६.

(दृश्य : राज्य महामार्ग ३०२. संध्याकाळ. ट्रकचे दिवे एकामागून एक जवळ येतात, पुढे निघून जातात.)